डार्क रोमान्स वाचणाऱ्यांनो, आता पुढे काय वाचू?

रात्रपाळी:
घरातले झोपले की मोबाईलचा उजेड कमी करून मी डार्क रोमान्स वाचते. पाठलाग करणारा, पळवून नेणारा, माफियावाला वगैरे नायक. एरवी नवऱ्याने न विचारता माझा फोन उचलला तरी डोकं फिरतं, आणि पुस्तकात मात्र तो खिडकीतून घरात शिरला की पुढच्या पानापर्यंत दम निघत नाही. असं का, तुम्हीच सांगा.

'हॉन्टिंग ॲडलिन' झालं. नंतर जे हाती लागलं त्यात तोच काळा शर्ट आणि दर दहा पानांनी 'तू फक्त माझी'. वीट आला. अंधार हवाय, पण लिहिणारीला लिहिताही आलं पाहिजे. इंग्रजी चालेल, मराठी असेल तर दुधात साखर. अल्पवयीन नायिका असलेलं काहीही सुचवू नका.

सोऱ्या:
मुळाशी जा. 'वदरिंग हाइट्स', १८४७. कॉलेजात आम्हाला अमर प्रेमकथा म्हणून शिकवली होती, परवा पुन्हा वाचली तर अंगावर काटा. हीथक्लिफ इझाबेलाला पळवून नेतो ना, तेव्हा निघता निघता तिच्या देखत तिचं कुत्रं टांगतो. आणि पुढे हाच बाबा तिच्या तोंडावर टर उडवतो, की एवढं बघूनही ही मला कादंबरीतला हीरो समजत राहिली! आपल्यासारख्यांची खिल्ली एमिली ब्रॉन्टेने पावणेदोनशे वर्षांपूर्वीच उडवून ठेवलीये, आणि तरी आपण वाचतोच.

दुसरं, 'रिबेका' (१९३८). निवेदिकेला अख्ख्या पुस्तकात नाव नाही. नवरा एक भयंकर गोष्ट कबूल करतो, तेव्हा ही बाई हादरायचं सोडून सुखावते कशाने ते बघ. मी तिथे पुस्तक मिटून पाणी प्यायला उठले होते.

स्पष्टवक्ता:
ज्याची पोलिसात तक्रार करायची, त्याच्या प्रेमात पडायचं? माझी पुतणी एकोणीस वर्षांची आहे, रील्स बघून हीच पुस्तकं मागवते. काळजी वाटते.

टॅगवाली:
@स्पष्टवक्ता, काळजी रास्त आहे, टोमणा नाही मारत. पण पुतणीला विचारा, पुस्तकाच्या सुरुवातीला इशाऱ्यांची यादी असते, म्हणजे आत त्रासदायक काय काय आहे त्याची, ती ती वाचते का. आम्ही फॅनफिक्शनवाल्या (आवडत्या पुस्तकांतली, मालिकांतली पात्रं घेऊन चाहते लिहितात त्या कथा) ती आधी वाचतो. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या अशा कथांच्या साइटवर तर 'डेड डव्ह, डू नॉट ईट' असा टॅगच आहे. एका अमेरिकन विनोदी मालिकेतून आलाय: फ्रिजमधल्या पिशवीवर लिहिलेलं असतं 'मेलेलं कबूतर, खाऊ नये', गडी उघडून बघतो तर आत खरंच मेलेलं कबूतर. म्हणजे लिहिलंय तेच आत आहे, मग ओरडायचं नाही.

रात्रपाळी, तुझ्या 'असं का'चं माझ्यापुरतं उत्तर यातच आहे. लोकलमध्ये मागे येऊन उभा राहणारा माणूस आधी यादी वाचून दाखवत नाही. पुस्तकातला दाखवतो, आणि नको झाला की बोटाने बंद करता येतो. ज्या लेखिकेने यादी दिली नाही तिचं मी पहिलं पानही वाचत नाही, मग नाव केवढंही मोठं असो.

जुने_अंक:
मराठीत या नावाचा वेगळा कप्पा नाही. प्रतिलिपीवर बळजबरीचं लग्न आणि मग प्रेम, अशा मालिका पैशाला पासरी, पण इशारा क्वचित आणि शुद्धलेखन त्याहून क्वचित. वीस भाग वाचून एक बरी निघते.

अवांतर: लपून वाचणं मात्र आपल्याकडे जुनंच. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली, अश्लीलतेचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९६९ मध्ये कोर्टाने ती अश्लील नसल्याचं सांगितलं. डार्क वगैरे नाही हो, आज वाचाल तर म्हणाल, यासाठी खटला?

रात्रपाळी:
सगळ्यांचे आभार. 'रिबेका' सुरू केलंय, ती डॅनव्हर्स बाई नुसती दारात उभी राहिली तरी माझे पाय गार पडतात. टॅगवाली, यादीचं पटलं. मी ती पानं सरसकट ओलांडत होते.

@जुने_अंक, सासूबाईंना सहज विचारलं, आई, काकोडकर वाचलेत का कधी? भाजी निवडता निवडता मान वर न करता म्हणाल्या, "गादीखाली असायचे."