पाल, टोकियो आणि ‘जेत्यांचा तमाशा’: कालच्या पोस्टला उत्तर

गंगापूररोडकर:
काल सातपूरच्या सत्याने इथे टाकलं की युद्धगुन्ह्यांचे खटले म्हणजे जेत्यांचा तमाशा, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर टोकियोत चाललेल्या खटल्यातले आपले भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल यांनी १९४८ सालीच जपान्यांना निर्दोष ठरवून ते सिद्ध केलं. खाली नुसता टाळ्यांचा पाऊस. एकालाही वाटलं नाही की निकालपत्रात काय आहे ते बघावं.

अकरा न्यायाधीशांत एकट्या पाल यांनी सगळ्या आरोपींना सगळ्या आरोपांतून मोकळं केलं, हे खरं. पण चीनमधल्या नानजिंगला जपानी सैन्याने कत्तल केलीच नाही असं त्यांनी म्हटलेलं नाही. अत्याचारांचा पुरावा भक्कम आहे हे त्यांनी मान्यच केलंय. आक्रमक युद्ध हा तेव्हाच्या कायद्यात गुन्हाच नव्हता, आणि समोर बसलेल्यांनी कत्तलीचे हुकूम दिले हे शाबीत झालं नाही, एवढं त्यांचं म्हणणं. २००५ साली टोकियोतल्या यासुकुनी या युद्धस्मारक मंदिरात त्यांचं स्मारक उभारणाऱ्यांनी सोयीचं तेवढं उचललं. तुम्हीही तेच केलंत. आणि ३० जानेवारी १९४४ ला अंदमानात, होम्फ्रेगंजला, जपान्यांनी ४४ भारतीयांना गोळ्या घातल्या, त्याचं काय? तिथेही टाळ्या?

सातपूरचा_सत्या:
टोकियोत दोषी ठरलेल्या २५ जणांपैकी कोणी होम्फ्रेगंजला बंदूक चालवली होती का? भावनेला हात घालू नका. सम्राट हिरोहितोला पिंजऱ्यात का नाही उभं केलं? अमेरिकन सेनापती मॅकआर्थरला तो गादीवर हवा होता म्हणून. माणसांवर रोगजंतूंचे प्रयोग करणाऱ्या जपानी सैन्याच्या ७३१ तुकडीच्या डॉक्टरांना अमेरिकेने माहितीच्या बदल्यात सोडून दिलं. नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात तर रशियाने स्वतःच केलेलं कातिनचं, पोलिश अधिकाऱ्यांचं हत्याकांड जर्मनांच्या माथी मारायचा प्रयत्न केला, न्यायासनावर स्वतःचा न्यायाधीश बसवून! कबुली दिली थेट १९९० साली. हिरोशिमाचं नाव तर काढायचंच नाही. यालाच तुमच्या गंगापूर रोडला न्याय म्हणत असतील.

देवळालीकर:
दोघेही परदेशात फिरताय, घरचं बोला. माझे वडील तोफखान्यात होते, ७१ ला पूर्व आघाडीवर. ढाक्याच्या शरणागतीनंतर सुमारे ९३ हजार पाकिस्तानी कैदी आपल्या ताब्यात. त्यातल्या १९५ जणांवर बांगलादेश युद्धगुन्ह्यांचे खटले भरणार होता. पाकिस्तानने आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली, मग वाटाघाटी, आणि एप्रिल १९७४ च्या करारानंतर ते १९५ जणही सुखरूप घरी. पुढे २०१० नंतर ढाक्यात फाशी झाली ती पाकिस्तानी सैन्याच्या स्थानिक साथीदारांना. वडिलांनी त्या खेड्यांत काय पाहिलं ते घरी कधी सांगितलं नाही, पण १९५ म्हटलं की पानावरून उठायचे. तेव्हा सत्या, ‘जेत्यांचा न्याय’ म्हणतोस ना? आम्ही जेते होतो. आम्ही तोही केला नाही.

पिंपळगावचा_गडी:
न्यायाचं निघालंच आहे तर ऐका. चुलत्याने उन्हाळ कांदा घातला, व्यापाऱ्याने चेक दिला, चेक बाउन्स. गडी पसार. गावातले पन्नासेक शेतकरी बुडाले. पकडला कोणाला? त्याच्या मुनिमाला! इथे मुनीम सापडतो, शेठ सापडत नाही, आणि जग रशियाच्या पुतीनला हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी कोर्टात न्यायला निघालंय.

कळवणकर:
चेक घेतलाच कशाला? रोख पेमेंटचा आग्रह धरायचा.

पिंपळगावचा_गडी:
तुम्ही या ना लिलावाला, ट्रॅक्टरच्या रांगेत उभे राहा आणि धरा आग्रह. व्यापारी म्हणतो, घ्यायचा तर घे नाहीतर भर माल परत.

कळवणकर:
मग बाजार समितीने त्याच्या अनामतीतून भरपाई द्यायला हवी.

पिंपळगावचा_गडी:
अनामत किती असते माहितीये का? चुलत्याची एकट्याची पट्टी त्याहून मोठी.

मेनरोडवाली:
अहो, कांदा आवरा! गडीभाऊंचा पुतीनचा मुद्दा मात्र बरोबर आहे. मार्च २०२३ मध्ये त्या कोर्टाचं वॉरंट निघालं, सप्टेंबर २०२४ ला तो मंगोलियात जाऊन आला. मंगोलिया रोम कराराचा, म्हणजे ते कोर्ट ज्या कराराने झालं त्याचा सदस्य, तरी केसाला धक्का नाही. आपला भारत तर १९९८ ला त्या करारावरच्या मतदानात तटस्थच राहिला. सुरक्षा परिषदेच्या हातात दोरी, आणि अण्वस्त्रं बंदी असलेल्या शस्त्रांच्या यादीत नाहीत, ही आपली तक्रार. त्यात चूक काय होतं?

गंगापूररोडकर:
तक्रार रास्त, पण तटस्थ राहून मिळवलं काय? सर्बियाचा माजी अध्यक्ष मिलोशेविच कोठडीत मेला, निकालाआधीच. पण बोस्नियातले सर्ब नेते कराडझिच आणि म्लादिच यांना जन्मठेप झाली. लायबेरियाचा माजी अध्यक्ष चार्ल्स टेलरला ५० वर्षं. हे सगळे एकेकाळी शेठच होते, मुनीम नव्हे. आणि कातिनवरून एक सांगतो सत्या: न्यूरेंबर्गच्या निकालात कातिनचा उल्लेखच नाही. रशियाचा न्यायाधीश बसूनही तो आरोप टिकला नाही. तमाशा असता तर टिकला असता.

सातपूरचा_सत्या:
वा. एक आरोप गाळला म्हणून हार घालू का? बरं घ्या, न्यूरेंबर्ग अगदीच तमाशा नव्हता. निम्मा होता. हिरोहितोबद्दल मात्र तुम्ही अजून चकार शब्द काढलेला नाही.

देवळालीकर:
आणि १९५ बद्दल दोघांनीही.

पिंपळगावचा_गडी:
तुमचं चालू द्या. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात १३८ ची, म्हणजे चेक बाउन्सची केस नीट लढवणारा वकील कोणी सांगेल का?