जी.डी. आर्टनंतर पुढं काय: आयडीसी, बडोदा की जे.जे.?

बोर्डपेंटरचा_पोरगा
मी कोल्हापूरचा, वय २७. उपयोजित कलेत जी.डी. आर्ट हा डिप्लोमा करून तीन वर्षं झाली. तेव्हापासून एका छापखान्यात लग्नपत्रिका आणि भाऊंच्या वाढदिवसाचे बॅनर करतोय. बाबा बोर्डपेंटर. फ्लेक्स आला आणि त्यांचं काम आटलं. आता वर्षाकाठी चार-दोन पाट्या आणि उसाच्या ट्रॉल्यांवरची नावं, एवढंच. पण त्यांचा 'क्ष' एकदा बघाच. मला त्या अक्षरांचंच काहीतरी करायचंय, फॉन्ट म्हणा नाहीतर लेटरिंग. त्यासाठी मुंबई आयआयटीतली डिझाइन शाळा आयडीसी, बडोद्याचं कला महाविद्यालय की मुंबईचं जे.जे., ते ठरत नाही. जी.डी. ही डिग्री नव्हे, त्यामुळं सीडला, म्हणजे आयडीसीच्या प्रवेश परीक्षेला, बसताच येत नाही असं मित्र म्हणतो. खरं काय? बाबा म्हणत्यात, "हात बसलाय की तुझा, आणि काय शिकणार?"

पवईकर
मित्र चुकतोय. सीडला जी.डी. आर्ट चालतं, फक्त त्यानंतर किमान एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. छापखान्याच्या मालकाकडून आत्ताच पत्र घेऊन ठेवा. वयाची अट नाही. परीक्षा जानेवारीत असते. भाग अ संगणकावर, त्यात चाळण लागते. भाग ब कागदावर, हातानं. तिथं सुबक शेडिंग करत बसणारे मार खातात (मी पहिल्या वेळी खाल्ला). बसस्टॉपवरची चार माणसं झटपट उभी करता आली पाहिजेत. पुढं मुलाखत आणि पोर्टफोलिओ.

विंडोजमधला 'मंगल' फॉन्ट ज्यांचा, ते र. कृ. जोशी आयडीसीतच शिकवायचे. पण एम.डेस. (तिथली डिझाइनची मास्टर्स) म्हणजे दोन वर्षं नुसती अक्षरं काढणं नव्हे. लोकांना भेटणं, गटात काम आणि इंग्रजीत अहवाल, हे भरपूर.

मांडवीची
मी बडोद्याला एम.व्ही.ए. (दृश्यकलेची मास्टर्स) केलं, प्रिंटमेकिंगमध्ये. तिथं काम आपलं आपण शोधायचं. मला आधी नोकरीत ब्रीफ, म्हणजे काय करायचं ते सांगणारा कागद, मिळायची सवय, त्यामुळं पहिले दोन महिने नुसती लिथोच्या, म्हणजे छपाईच्या, दगडाकडं बघत बसले. नंतर सुटले. तुमच्या मनात ग्राहक नसून अक्षर असेल, तर हा मोकळेपणा मानवेल. जी.डी.वर एम.व्ही.ए.ला घेतात का, ते फॉर्म भरायच्या आधी लेखी विचारा. दांडिया बाजारात मराठी जेवण मिळतं, ती काळजी नको.

जुना_जेजेवाला
अरे, पोर्टफोलिओत ते बॅनर नकोत. वडिलांच्या पाट्यांचे फोटो लाव, शेजारी तू काढलेली तीच अक्षरं, चुकलेलीसुद्धा. आणि प्रवेशाची वाट कशाला बघतोस? 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचा 'मुक्त' हा देवनागरी फॉन्ट फुकट आहे. तो उतरवून घे, फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये उघड आणि जोडाक्षरं मोजायला बस. दुपार जाईल. त्यानंतरही हौस टिकली, तर फॉर्म भर.

बोर्डपेंटरचा_पोरगा
सगळ्यांचे आभार. मालकांनी पत्र दिलं, वर "सीझन संपेपर्यंत जाऊ नको" म्हणाले. मोजायला बसलो, 'द्ध'पाशी गणती चुकली, परत पहिल्यापासून. काल बाबांना विचारलं, 'क्ष' कुठनं सुरू करता? "ब्रश भरलेला असंल तर गाठीपास्नं, नसंल तर कान्यापास्नं." तीन मिनिटांचा व्हिडिओ काढलाय. रविवारी कारखान्यावर जातो, ट्रॉल्यांची रांग लागलीय.