मदत हवी आहे: रायझन १६०० वर जेकार्ड डिझाइनचं काम, नव्या चिपसाठी थांबू की आत्ताच बदलू? (सोलापूर)

तिरका_धागा

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या डिझाइन ऑफिसमधल्या मशीनबद्दल विचारायचंय.

मशीन: रायझन ५ १६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी डीडीआर४ (८-८ च्या दोन पट्ट्या, २६६६), जीटी १०३० कार्ड, २५० जीबी साटा एसएसडी, ४५० वॉटचा एसएमपीएस, विंडोज १०.

काम: जेकार्डचं डिझाइन सॉफ्टवेअर (यूएसबी डोंगलवर चालतं, लायसन्स याच मशीनला बांधलेलं आहे), फोटोशॉप, महिन्यातून दोन-तीनदा पार्टीला दाखवायला थ्रीडी रेंडर.

अडचण: मोठ्या डिझाइनमध्ये विणी भरायला लावल्या की सॉफ्टवेअर मिनिटभर गोठतं. गंमत म्हणजे तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ८-९ टक्क्यांच्या वर जात नाही. शिवाय हा प्रोसेसर विंडोज ११ ला चालत नाही असा मेसेज येतो.

एएमडीचा झेन ६ किंवा इंटेलचा नोव्हा लेक या पुढच्या पिढीच्या चिप येईपर्यंत थांबावं का? दुकानदार म्हणतो, सगळं नवीन करा आणि १२ कोरचा घ्या. बजेट ताणून बसेलही, पण वाया जायला नको.

बारा_माग

आधी ते ८-९ टक्के समजून घ्या, दुकानदाराच्या सल्ल्याचं उत्तर त्यातच आहे. तुमच्या चिपमध्ये ६ कोर, १२ थ्रेड. १०० भागिले १२ म्हणजे ८.३. एकच थ्रेड पूर्ण भरला की टास्क मॅनेजर ८ टक्के दाखवतो. म्हणजे चिप रिकामी बसलेली नाही. शेडमध्ये बारा माग आहेत, पण सगळी ऑर्डर एकाच मागावर चढवली आहे. आणखी बारा माग आणून माल लवकर निघणार नाही, तोच माग जोरात पळायला हवा.

खात्री करायची तर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करून 'लॉजिकल प्रोसेसर' निवडा. बारा चौकोन दिसतील. विंडोज काम इकडून तिकडे फिरवतं, त्यामुळे एखाद वेळी दोन-तीन चौकोन अर्धवट भरलेले दिसतात, त्यावर जाऊ नका. त्याच वेळी मेमरीच्या पानावर 'कमिटेड' आकडा बघा. तो १६ च्या पुढे जात असेल तर दुखणं रॅमचंही आहे.

आता एका कोरचा वेग, तुमचा १६०० (झेन) आणि रायझन ५ ५६०० (झेन ३) यांची तुलना. त्याच घड्याळाला (गिगाहर्ट्झला) होणारं काम दर पिढीला किती वाढलं, एएमडीच्याच आकड्यांनुसार: झेन ते झेन+ ३ टक्के, झेन २ ला १५, झेन ३ ला १९. गुणाकार केला तर सुमारे १.४ पट. १६०० चा बूस्ट ३.६ गिगाहर्ट्झ, ५६०० चा ४.४. दोन्ही मिळून कागदावर १.७ पट. मिनिटभराचं गोठणं ३५ सेकंदांवर यावं. आणि ५६०० तुमच्या आहे त्याच बोर्डात बसतो, विंडोज ११ च्या यादीतही आहे.

नॅनोमीटर_नको

थांबण्याच्या प्रश्नाबद्दल. झेन ६ वर आधारलेला 'व्हेनिस' हा सर्व्हरचा प्रोसेसर २०२६ साठी आणि टीएसएमसीच्या २ नॅनोमीटर प्रक्रियेवर, असं एएमडीने जाहीर केलंय. इंटेलने नोव्हा लेकसाठी २०२६ ची अखेर सांगितली आहे. (२ नॅनोमीटर हे आता नुसतं नाव आहे हो, चिपमध्ये काहीही मोजून २ नॅनोमीटर भरत नाही.) नवी प्रक्रिया आली की पहिले वेफर (ज्या चकतीतून चिप कापतात ती) मोबाइल आणि सर्व्हरवाल्यांकडे जातात, कारण ते जास्त पैसे मोजतात. डेस्कटॉपचा नंबर मागाहून. त्यानंतर पहिले दोन-तीन महिने चढा भाव, कच्चे बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर), बोर्डांची टंचाई. म्हणजे 'येतंय' आणि 'सोलापुरात बिलावर मिळतंय' यात बराच काळ जातो. तोवर रोज गोठणारं मशीन काही थांबत नाही.

पण खरी गोम चिपमध्ये नाहीच, रॅममध्ये आहे. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतल्यामुळे २०२५ च्या अखेरीपासून डीडीआर५ चे भाव भडकलेत. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. एएम५ वर (एएमडीचं नवं सॉकेट, तुमचं एएम४) फक्त डीडीआर५ चालते. त्यामुळे नवी चिप स्वस्तात मिळाली तरी बोर्ड आणि रॅम धरून गणित बसत नाही. डीडीआर४ चं उत्पादनही कमी होत चाललंय, तेव्हा हातातल्या दोन पट्ट्या विकू नका.

एएम५ वाईट आहे असं नाही. त्यावरचा ९६०० एक्स एका कोरला ५६०० च्या दीडपट तरी पळेल, आणि एएमडीने या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि पुढेही साथ द्यायचं म्हटलंय. म्हणूनच घाई नको. आज ५६०० बसवा, रॅम उतरली की मग एएम५.

बारा_माग

आणि सेकंडहँड १३व्या-१४व्या पिढीचा इंटेल कुणी गळ्यात मारत असेल तर जपून. जादा व्होल्टेजमुळे त्यातल्या बऱ्याच डेस्कटॉप चिप कायमच्या खराब झाल्या. इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सूचना) दुरुस्त केला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण आधीच झिजलेली चिप मायक्रोकोडने बरी होत नाही.

रेंडरवाला

मी ५७००एक्स म्हणेन. ८ कोर, तोही ६५ वॉटचाच. जीटी १०३० वर रेंडर धड होत नाही, सगळा भार सीपीयूवर येतो.

बारा_माग

महिन्यातून दोन-तीनदा रेंडर, ते रात्री लावून घरी जाता येतं. फरकाच्या पैशात मोठा एसएसडी घ्या. आणि ५७००एक्सच्या बॉक्समध्ये कूलर नसतो, ५६०० च्या असतो.

तिरका_धागा

५६०० पटला. पण बोर्ड २०१८ चा, बायोस कधी बदललेला नाही. चिप घालून चालूच झालं नाही तर? आणि एप्रिल-मेमध्ये इथलं तापमान माहीतच आहे.

नॅनोमीटर_नको

क्रम चुकला तरच अडतं. जुनी चिप बोर्डात असतानाच बायोस बदलायचा, आणि तो बदलून झाल्याशिवाय नवी चिप हातात घ्यायची नाही.

बोर्डावर छापलेलं मॉडेल आणि रिव्हिजन दोन्ही लिहून घ्या. एकाच नावाच्या दोन रिव्हिजनच्या फाइल वेगळ्या असतात. कंपनीच्या पानावर सीपीयू सपोर्टच्या यादीत ५६०० समोर किमान बायोस दिलेला असतो. मी त्याहून पुढचा, एजीसा (बायोसमधला एएमडीचा मूळ कोड) १.२.०.७ किंवा नंतरचा घ्यायला सांगेन, कारण एफटीपीएममुळे (किल्ल्या जपणारी सुरक्षेची सोय) मशीन मधूनच अडखळायचं ते तिथे दुरुस्त झालं. २०१८ च्या बायोसवरून थेट शेवटच्यावर उडी मारू नका. काही बोर्डांना मधलं एक व्हर्जन आधी टाकावं लागतं, तसं फाइलच्या शेजारी लिहिलेलं असतं. ते वाचा की ओ, निम्मी बोर्डं न वाचल्यामुळे मरतात.

विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) चालू असेल तर स्थगित करा आणि रिकव्हरी की कागदावर उतरवा. चिप बदलली की एफटीपीएममधल्या किल्ल्या जातात. मग पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट, झिप उघडून आतली फाइल त्यावर, आणि बायोसमधल्याच फ्लॅश पर्यायातून अपडेट. विंडोजमधल्या सॉफ्टवेअरमधून नको. मशीन यूपीएसवर हवं आणि यूपीएसची बॅटरी आधी तपासलेली हवी. मध्येच लाइट गेली की बोर्ड गेलं.

अपडेटनंतर जुन्या चिपवर एकदा चालू होतं का बघा. काही बोर्डांच्या नव्या बायोसमध्ये जुन्या चिपचा आधार काढलेला असतो, तशी सूचना पानावर असेल तर काळा पडदा पाहून घाबरू नका, थेट नवी बसवा.

कूलर काढताना सगळ्यात जास्त नुकसान होतं. एएम४ च्या पिना चिपला असतात. वाळलेली पेस्ट चिकटून कूलरबरोबर चिपच सॉकेटमधून उपटून येते आणि पिना वाकतात. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं मशीनवर भार टाकून गरम करा, बंद करून प्लग काढा, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे सैल करा, कूलर उचलायच्या आधी डावी-उजवीकडे पिळा. सुटला की मगच वर. नव्या कूलरच्या बुडाला पेस्ट आधीच लावलेली असते, त्यावर आणखी लावू नका.

चालू झाल्यावर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमचा पूर्ण वेग), एफटीपीएम आणि सिक्युअर बूट परत लावा, अपडेटने सगळं पुसलेलं असतं. डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर विंडोजच्याच साधनाने जीपीटी करून मगच सीएसएम (जुन्या पद्धतीचं बूट) बंद करा, उलट केलंत तर बूट होणार नाही. अर्थात त्याआधी बॅकअप.

थंड_डोकं

उन्हाळ्यासाठी: ५६०० ची मर्यादा ९० अंश. खोली ४३ वर असेल तर डब्याच्या आत त्याहून पाच-सात अंश जास्त धरा. बायोसमध्ये पीपीटी (चिपने ओढायच्या विजेची मर्यादा) ७६ ऐवजी ६१ वॉट करा, म्हणजे ४५ वॉटचा इको मोड. तुमच्या एका थ्रेडच्या कामाला फरक जवळजवळ जाणवणार नाही. माग जवळ असतील तर सुताचा धुरळा कूलरच्या पात्यांत गादीसारखा बसतो. पुढच्या जाळीवर फिल्टर लावा, पंधरा दिवसांनी ब्लोअर. मारताना पंखा बोटाने धरा, नाहीतर तो भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग जातं.

तिरका_धागा

डोंगलचं काय? विंडोज ११ वर चालेल?

बारा_माग

बोर्ड तेच राहतंय हा त्यात मोठा फायदा, पण लायसन्स सीपीयूच्या क्रमांकाला बांधलेलं असेल तर परत मागावं लागेल. चिप काढण्याआधी सॉफ्टवेअरवाल्यांना हेच विचारा, आणि ६४ बिटचा, विंडोज ११ वर चालणारा डोंगल ड्रायव्हर लेखी मागून घ्या. जुना ड्रायव्हर असेल तर विंडोजच्या सुरक्षेतल्या 'कोअर आयसोलेशन'मधलं मेमरी इंटिग्रिटी त्याला अडवतं. ड्रायव्हर मिळालाच नाही तर ५६०० विंडोज १० वरच चालवा. त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवलं तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात.

तिरका_धागा

सॉफ्टवेअरवाल्यांना मेल टाकला. बोर्डावर 'रेव्ह १.०' आहे, पानावर मधलं व्हर्जन आधी टाका असं खरंच लिहिलंय.

नॅनोमीटर_नको

मग दोन्ही फाइल दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या. एकावर दोन ठेवल्या की घाईत चुकीची निवडली जाते.