मदत हवी आहे: इप्सविचमधले दोन जॉन, आमचा कुठला?

नमस्कार मंडळी. जावई अमेरिकन, मॅसॅच्युसेट्सचा. नातवाला शाळेसाठी वंशावळ करायचीय. आमची बाजू पटकन झाली, त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या वहीत पणजोबांची सहीच सापडली. जावयाची बाजू मात्र इप्सविच गावात १६८०च्या आसपास येऊन अडकलीये आणि नातू मजेत खेळतोय, झोप माझी उडालीये.

विहीणबाई म्हणतात आमचे लोक मेफ्लॉवरने आले. ती बोट १६२०ला प्लिमथला लागली, माणसं शंभरेक, त्यात यांचं आडनाव नाही. हे बोलले नाहीये अजून :)

नेटवरच्या वंशावळीत एका मुलाचा जन्म १० डिसेंबर १६८७ आणि त्याच्या बहिणीचा एप्रिल १६८७, म्हणजे आठ महिन्यांत दुसरं?? मूळ नोंद उघडली तर '१० तारीख, १२वा महिना'. तेव्हा तिकडे वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं (१७५२पर्यंत), मार्च पहिला महिना, म्हणून बारावा म्हणजे फेब्रुवारी, आपल्या हिशोबाने १६८८. आपल्या पाडव्यासारखंच की! एकाने चुकवलं, बाकीच्यांनी कॉपी मारली.

आता खरी अडचण. गावात एकाच नाव-आडनावाचे दोन जॉन, सीनियर आणि ज्युनियर. मी बापलेक धरून चालले होते, पण तेव्हा सीनियर-ज्युनियर म्हणजे नुसता थोरला-धाकटा, काका-पुतणे असतील नाहीतर काहीच नातं नसेल. जनगणनेचा उपयोग नाही, पहिलीच १७९०ची, त्यातही नाव फक्त घरच्या कर्त्याचं, बाकीचे नुसते आकडे.

म्हणून जमिनीच्या खरेदीखतांकडे वळले, फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर पानांचे फोटो आहेत. चतुःसीमा अगदी आपल्यासारख्याच, पूर्वेला अमक्याचं कुरण, पश्चिमेला ओढा. एका खतात जॉनची पूर्ण सही आणि बायको मेरी. दुसऱ्यात सहीच्या जागी उलट्या नांगरासारखी खूण आणि बायको एलिझाबेथ. म्हणजे माणसं दोन, की पहिली वारल्यावर दुसरं लग्न आणि म्हातारपणी हात थरथरत म्हणून खूण? शिवाय रजिस्टरमधली पानं कारकुनाने उतरवून घेतलेली, त्यामुळे सही खरंच त्याची होती का हेही कळत नाही.

कुणी एसेक्स काउंटीचे (इप्सविच याच जिल्ह्यात येतं) त्या काळचे मूळ कागद पाहिलेत का, मृत्युपत्रं किंवा कोर्टातले? त्यात खुणा जशाच्या तशा मिळतात का? आणि मृत्युपत्रात 'सन-इन-लॉ' लिहिलंय ते जावई धरू की सावत्र मुलगा? तेव्हा दोन्हीला तेच म्हणायचे असं वाचलं.

प्रोजेक्ट शुक्रवारी द्यायचाय, पण मला शुक्रवारनंतर उत्तर आलं तरी चालेल.