वाहिनीचा मालक बदलला की बातमीत नेमके काय बदलते?

नदीकाठ
नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्ने यांच्या भारतातील करमणूक व्यवसायांचे विलीनीकरण पूर्ण झाले आणि स्टार प्रवाह व कलर्स मराठी या एकमेकींच्या स्पर्धक वाहिन्या एकाच घरात आल्या. हे मालिकांपुरतेच असते तर मी फारसा विचार केला नसता; परंतु वृत्तवाहिन्यांच्या मोठ्या जाळ्यावरही रिलायन्सचेच नियंत्रण आहे. तेल, दूरसंचार आणि किरकोळ विक्री अशा क्षेत्रांत ज्याचे हितसंबंध आहेत, त्याच्या मालकीच्या वृत्तकक्षात प्रत्यक्षात काय घडते? मालक रोज संपादकाला दूरध्वनी करतो, हे चित्र मला भाबडे वाटते. शिवाय, अशा मालकीला मर्यादा घालणारा कायदा आपल्याकडे का झाला नाही, हेही कोणी सांगावे.

जुना उपसंपादक
दूरध्वनी येत नाही, हे आपले अनुमान बरोबर आहे. मी एका जिल्हा दैनिकात बरीच वर्षे काढली. मालकांच्या नातलगांचा साखर कारखाना होता. थकीत एफआरपीची, म्हणजे शेतकऱ्यांना उसासाठी द्यायच्या किमान दराच्या रकमेची, कारखानानिहाय यादी आली की त्यातली नेमकी तीच ओळ जागेअभावी गळत असे, आणि ती गाळण्याचा आदेश कोणी दिल्याचे मला आठवत नाही. एकदा एका नव्या मुलाने संपूर्ण यादी लावली. त्याला कोणी रागावले नाही. पुढच्या महिन्यात त्याच्याकडे राशिभविष्याचे पान आले, एवढेच. त्यानंतर डेस्कवरच्या कोणालाही काही समजावून सांगावे लागले नाही. जी बातमी लिहिलीच गेली नाही, तिचा पुरावा वाचक कुठून आणणार?

ताळेबंद
मालकी येते कशी, हेही पाहावे. एनडीटीव्ही या वृत्तवाहिनीच्या प्रवर्तक कंपनीने, म्हणजे संस्थापकांच्या कंपनीने, २००९ मध्ये विश्वप्रधान कमर्शियल या कंपनीकडून सुमारे ४०३ कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज घेतले होते, आणि त्या बदल्यात दिलेल्या वॉरंटांचे (पुढे समभाग मागण्याच्या हक्कपत्रांचे) समभागांत रूपांतर केल्यास प्रवर्तक कंपनी जवळजवळ पूर्णपणे सावकाराच्या हाती जाणार होती. ऑगस्ट २०२२ मध्ये अदानी समूहाने ही सावकार कंपनीच विकत घेतली आणि तो हक्क बजावला. प्रवर्तक कंपनीकडे एनडीटीव्हीचे २९ टक्क्यांहून अधिक समभाग होते. पुढे खुला देकार (इतर भागधारकांकडून समभाग विकत घेण्याचा जाहीर प्रस्ताव) आणि संस्थापकांचे समभाग मिळून वर्षअखेरीस समूहाचा हिस्सा ६४ टक्क्यांपलीकडे गेला. त्याआधी, नोव्हेंबरच्या अखेरीस, वाहिनीचे परिचित पत्रकार रवीश कुमार यांनी राजीनामा दिला. म्हणजे वाहिनी खऱ्या अर्थाने हातातून गेली ती कर्जाच्या करारावर सही झाली तेव्हाच. बाकी तेरा वर्षे केवळ मुदत चालू होती.

कायद्याचा विद्यार्थी
कायद्याच्या प्रश्नाचे एक टोक पुण्यातच आहे. छोट्या पत्रांना मोठ्यांच्या स्पर्धेतून वाचवण्यासाठी केंद्राने १९५६ मध्ये वृत्तपत्रांची किंमत आणि पृष्ठसंख्या यांची सांगड घालणारा कायदा केला, आणि १९६० मध्ये त्याखाली आदेश काढला. ‘सकाळ’ तेव्हा सात नव्या पैशांत आठवड्याचे सहा दिवस मिळून चौतीस पाने देत असे. आदेशानुसार त्या किमतीत चोवीसच पाने देता आली असती. ‘सकाळ’ सर्वोच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला, कारण पाने कमी करणे म्हणजे अभिव्यक्तीच कमी करणे होय. निकाल योग्यच होता, असे माझे मत आहे. मात्र तेव्हापासून मालकीच्या नियमनाचा विषय निघाला की मालक मंडळी अभिव्यक्तिस्वातंत्र्याची ढाल पुढे करतात. वस्तुतः पृष्ठसंख्येवर बंधन घालणे आणि एका समूहाने किती माध्यमे ताब्यात ठेवावीत यावर मर्यादा घालणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०१४ मध्ये दुसऱ्या प्रकारच्या शिफारशी सरकारला दिल्या. त्यावर कायदा झालेला नाही.

नदीकाठ
आभारी आहे. तरीही मर्यादा ठरवण्याचा अधिकार सरकारच्या हाती द्यायला माझे मन धजत नाही. आणीबाणीत वृत्तपत्रांच्या कोऱ्या जागा पाहिलेले लोक आमच्या घरात आहेत.

जुना उपसंपादक
कोरी जागा वाचकाला दिसत तरी होती. आमच्या यादीतली गळलेली ओळ कोणालाच दिसली नाही.