वॉकर आहे का कुणाकडं?

श्वेता (बी ३०२): नमस्कार. कुणाकडं लहान बाळाचा वॉकर पडून आहे का? बाळ परवा ७ महिन्यांचा झाला. नवीन घ्यायच्या आधी विचारते.

अमोल (ए १०४): आमच्याकडं आहे की. माळ्यावर आहे, संध्याकाळी काढून देतो. एक चाक अडकतंय जरा.

मंगलमावशी (ए २०१): अमोल, तो माळ्यावरच राहू दे बाबा.

अमोल: का ओ मावशी? आमची दोन्ही पोरं त्यातच चालायला शिकली.

मंगलमावशी: वॉकर असूनही शिकली म्हण. त्यात पोर बसून पायाच्या चवड्यांनी ढकलतं. तोल सांभाळायची वेळच येत नाही, आणि चालायला तोलच लागतो. त्यातून आपल्या प्रत्येक मजल्यावर जिना उघडा. दार जरा उघडं राहिलं की वॉकर थेट पायरीवर. कॅनडानं २००४ साली वॉकर विकण्यावरच बंदी घातली, ती उगीच नाही. लाकडी पांगुळगाडा वेगळा हं. त्याला पोर आधी स्वतः उभं राहतं, मग धरून ढकलतं. त्याला अजून वेळ आहे.

श्वेता: मग आत्ता काय करू? दिवसभर कडेवरच पाहिजे असतं त्याला.

मंगलमावशी: चादर दुहेरी करून फरशीवर अंथर. सोलापुरात चादरीला काय तोटा! त्यावर पालथा ठेव. हाताला येईल असं वाटेल पण येणार नाही, एवढ्या अंतरावर स्टीलची वाटी ठेव. आधी तो वाटीत स्वतःचं तोंड बघेल, मग चिडेल, मग पोटावर सरकेल. चिडला की लगेच उचलू नको, जरा थांब. फार रडला तर घे. रांगणं काही पोरं गाळतात आणि थेट उभी राहतात, त्याची काळजी नको.

सेक्रेटरी काका: टँकर ४ वाजता येतोय. मोटार कुणी परस्पर चालू करू नये. ही विनंती तिसऱ्यांदा.

श्वेता: अजून एक मावशी. मोबाईलवर गाणी लावल्याशिवाय तोंडच उघडत नाही. आता तर फोन बंद केला की वाटी उडवतो.

मंगलमावशी: मला वाटलंच. फोन बघत पोर गिळतं खरं, पण पोट भरलं की नाही हे त्याचं त्याला कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ सालीच सांगितलंय, वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नको. आपले बालरोगतज्ज्ञ तर २ वर्षांपर्यंत नको म्हणतात. कारण साधं आहे. तू "काऊ" म्हणालीस की तो "आऊ" करतो, त्यावर तू हसून आणखी काही बोलतेस. या देवाणघेवाणीतच मेंदूतल्या जोडण्या पक्क्या होतात. फोनपुढं "आऊ" केलं तर फोन काय करणार? पुढची जाहिरात लावणार.
दोनचार दिवस वाटी उडवेल. उडवू दे. मऊ वरणभात, नाचणीची पेज, भाकरीचा पापुद्रा वरणात कुस्करून, दिवसातून २-३ वेळा, आणि अंगावरचं दूध चालूच ठेव. वर्षापर्यंत मीठ-साखर नको. तोंड फिरवलं की वाटी उचलायची, मागं लागायचं नाही.

निखिल (बी ३०२): मावशी, मी पुण्यात असतो, आठवडाभर त्याला व्हिडिओ कॉलवरच बघतो. ते पण बंद करायचं?

मंगलमावशी: नाही रे, तेवढं चालतं. तू बोलतोस, तो हुंकारतो, तू उत्तर देतोस. पण शनिवारी आलास की मालिश आणि आंघोळ तुझ्याकडं. श्वेताला तेवढ्यात झोपू दे.

निखिल: हातातून निसटला तर?

मंगलमावशी: तेल कमी लाव.

लावण्या (बी १०१): आमच्या सासूबाई विचारताहेत. त्या बाळाशी तेलुगूत बोलतात, मी मराठीत. शेजारच्या कुणीतरी सांगितलं, पोर गोंधळेल, उशिरा बोलेल. म्हणून त्या आता गप्पच असतात.

मंगलमावशी: अगं अजिबात नको! त्यांना आजपासून भरपूर बोलायला सांग. दोन भाषांनी बोलणं मागं पडत नाही. सोलापुरात अर्ध्या घरांत मराठी, तेलुगू, कानडी एकत्र नांदतात, मग इथली पोरं काय मुकी आहेत का? आजी गप्प बसली तर मात्र नुकसान. बोलण्याची शंका आली तर आधी कान बघायचे. बाळाच्या मागं उभं राहून हळूच वाटीवर चमचा वाजवा, मान वळते का बघा. ९ महिने झाले तरी नावाला ओ देत नसेल, बा-बा दा-दा करत नसेल, किंवा आधी येणारी गोष्ट करेनासं झालं, तर "आमच्याकडं सगळेच उशिरा बोलतात" म्हणत थांबायचं नाही. डॉक्टरांकडं जायचं.

रजनीकाकू (ए ३०४): आमच्या वेळी कुठं होतं ओ हे सगळं? मध चाटवला, घुटी दिली, काजळ घातलं. पोरं धडधाकट आहेत.

मंगलमावशी: काकू, तुमची मालिश, अंगाई, मांडीवर घेऊन केलेलं अडगुलं मडगुलं, त्याला तोड नाही. ते सुनेला शिकवाच. पण मध वर्षाच्या आत नको, त्यातल्या जंतूंनी तान्ह्या बाळाला लकव्यासारखा आजार होऊ शकतो. काजळात शिसं असू शकतं. आणि ६ महिन्यांपर्यंत वरचं पाणीसुद्धा नको, मे महिन्यातल्या उन्हातसुद्धा. अंगावरच्या दुधात पाणीच जास्त असतं.

अमोल: मावशी, एवढं सगळं ग्रुपवर टाकून उपयोग नाही, रात्रीत वर जाईल. एकदा बसूया का? डॉक्टर बोलवायचे का मोठे?

मंगलमावशी: डॉक्टर कशाला, आपल्या भागातल्या आशाताईंना, म्हणजे घरोघरी आरोग्याचं काम करणाऱ्या सेविकेला बोलवू. बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत ६ भेटी देतात त्या, आणि आपण त्यांना दारातूनच पाणी देऊन पाठवतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून तान्ही बाळं वाचवली, त्याच धर्तीवर सरकारनं २०११ साली हे घरभेटींचं काम देशभर सुरू केलं. माझं म्हणणं एवढंच, नुसत्या आयांना शिकवून भागत नाही. आई शिकून घरी जाते आणि घरी तिचं कुणी ऐकत नाही. मी अंगणवाडीच्या नोकरीत हेच बघत आले. म्हणून आज्या आणि बाप, दोघं आले तरच बैठक.

सेक्रेटरी काका: रविवारी संध्याकाळी ६ वाजता, पार्किंगमध्ये. गच्ची तापलेली असते. खुर्च्या आपापल्या आणाव्यात.

मंगलमावशी: आणि माता-बाल संरक्षण कार्ड आणा गं. लसीच्या पानापुढं कुणी उघडतच नाही. कुठल्या महिन्यात बाळानं काय करावं, ते त्यात चित्रं काढून दिलंय.

रजनीकाकू: मी येते. पण घुटीबद्दल मी बोलणार, आधीच सांगते.

मंगलमावशी: बोला की काकू. येताना सहाण आणि जायफळ घेऊन या. किती वेढे देता ते सगळ्यांसमोर बघू, जायफळ जास्त झालं तर पोर झोपत नाही, गुंगीत जातं.

रजनीकाकू: दोनच वेढे देते मी.

लावण्या: सासूबाई म्हणताहेत त्या पण येणार. पण तेलुगूतच बोलणार.