घर भाड्याने देताय? पहिल्या भाडेकरूपासूनचे अनुभव इथे लिहा

पुढच्या महिन्यात वाकडच्या टू बीएचकेचा ताबा मिळतोय. राहायला जायचं नाहीये, भाड्याने द्यायचाय. एजंट म्हणतो २८ हजार कुठेच गेले नाहीत. हप्ता ४६ हजार आहे, म्हणजे भाड्यातून तो सुटणार नाही एवढं कळतंय. घरी वडिलांचा एकच धोशा, "कूळ लागेल, मग बस हातावर हात धरून." ज्यांनी घर भाड्याने दिलंय त्यांनी लिहा. सुरुवातीला काय चुकलं, पैसे कुठे गेले, कुणी छळलं? एजंट मंडळींनी कृपया जाहिरात करू नये.

कोथरूडकर

चुकलं ते सांगतो. २०१४ साली पहिला भाडेकरू ठेवला, ओळखीतून आलेला. ओळखीचाच म्हणून स्टँप पेपरवर नोटरी करून मोकळा झालो. सात महिने भाडं वेळेवर आलं, मग थांबलं. विचारायला गेलो तर म्हणतो, "आपलं १४ नाही, ९ हजार ठरलं होतं." मी कागद दाखवला, तो हसला.

तो का हसला ते वकिलाकडे कळलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल तेच ग्राह्य, उलट सिद्ध करायचं आपण. शिवाय दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. म्हणजे तक्रार करायला गेलो असतो तर आधी मीच अडकलो असतो. शेवटी चार महिन्यांचं भाडं सोडलं, वर त्याच्या टेंपोचे पैसे दिले, तेव्हा निघाला.

घर उघडलं तर बाथरूममध्ये गीझर नाही. भिंतीत नुसते दोन पाइप, आणि त्यातल्या एकाच्या तोंडाला चिंधी गुंडाळून बिसलेरीचं झाकण दाबलेलं. थेंब थेंब गळून खालच्या टाइल पिवळ्या पडलेल्या. अजून आठवलं की डोकं फिरतं.

आता लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं घर वापरू देण्याचा करार, ऑनलाइन नोंदवतो. माणूस घरी मशीन घेऊन येतो, दोघांचे अंगठे, पाच मिनिटं. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते त्यात मिळवतात. तुमचे २८ हजार, ११ महिने, डिपॉझिट लाखभर धरलं तर आठशेच्या आसपास. नोंदणी फी शहरात १,०००. नोंदणी करणारा स्वतःची फी घेईल ती वेगळी. माझे चार महिन्यांचे ५६ हजार बुडाले, तुम्हीच तुलना करा. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही त्याच दिवशी भरून टाका.

वडिलांना सांगा, कूळकायदा शेतजमिनीचा. मुदत संपूनही लायसन्सवाला निघाला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि तो राहील तितके दिवस भाड्याच्या दुप्पट आकारणी. तिथेही तारखा पडतात, पण हातात काहीतरी असतं.

गिरगावचा नातू

वडिलांची भीती अगदीच हवेतली नाही हो. आमच्या आजोबांची चाळ आहे, १८ बिऱ्हाडं. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठली ती गोठलीच. १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली. ११२ रुपयांवर ४ टक्के म्हणजे साडेचार रुपये! पावतीपुस्तक छापायचा खर्च त्याहून जास्त. आजोबा तरी दर महिन्याला स्वतः जाऊन पावत्या फाडायचे, चहा पिऊन यायचे. आमच्या पिढीला 'मालक' म्हटलं की हसू येतं.

ठाणेकर मावशी

भाडेकरूने नाही, सोसायटीने छळलं. दोन नोकरदार मुली ठेवल्या तर सेक्रेटरी म्हणे बॅचलर चालणार नाहीत, आणि फ्लॅट भाड्याने म्हणून महिना २,००० जादा. मी शासनाचा २००१ चा आदेश छापून नेला. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते पैसे, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत. माझं सेवाशुल्क १,८००, म्हणजे १८० रुपये. कमिटीत अर्धा तास शांतता. पैसे कमी झाले, पण मुलींच्या स्कूटीला पार्किंगचं स्टिकर मिळायला तीन महिने लागले. तेवढा सूड ते घेणारच.

नागपुरी

आमचं छोटंसंच. भाडेकरू जूनमध्ये गेला, मेचं लाइट बिल मागे ठेवून. दोन एसी, एक कूलर, ७,४०० रुपये. मीटर माझ्या नावावर, मग महावितरण मलाच विचारणार ना बाप्पा. तेव्हापासून चावी देताना आणि घेताना मीटरचा फोटो काढतो, भाडेकरूला शेजारी उभं करून.

श्टुटगार्ट-बाणेर

परदेशी राहणाऱ्यांनी हे वाचा. घरमालक अनिवासी असेल तर भाड्यातून कर कापून भरायची जबाबदारी भाडेकरूची, ३० टक्के अधिक उपकर. भाडं कितीही कमी असो. पहिल्या दोघांना हे सांगितल्यावर त्यांनी घरच नको म्हटलं. तिसऱ्याला सीए मी माझ्या खर्चाने दिला.

खरी मजा गळतीची. पुण्यात सकाळचे सात, इथे पहाटेचे साडेतीन. भाडेकरूचा फोन, "सर, बेडरूमच्या छतातून पाणी पडतंय." वरच्या फ्लॅटचा मालक टोरोंटोत, त्याच्याकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ. तो म्हणतो पाइप कॉमन आहे, सोसायटीने करावं. सोसायटी म्हणते बाथरूम तुमचं. तीन आठवडे आम्ही दोघं दोन खंडांतून बाणेरच्या एका प्लंबरची वेळ जुळवत होतो, आणि तो प्लंबर गावी जत्रेला गेलेला. शेवटी माझे ६८ वर्षांचे काका बादली आणि टॉर्च घेऊन वर गेले, कमोडमागचा सांधा सापडला. ३५० रुपयांचं काम. काकांना मी दरवर्षी स्वेटर नेतो, त्यांनी तरी किती घालायचे!

हिशेबनीस

सिंहगड रोड, ६२ लाखांचा फ्लॅट, भाडं १९ हजार. वर्षाचे २ लाख २८ हजार ऐकायला बरे वाटतात. मेंटेनन्स ३६ हजार, मिळकतकर ९ हजार, एक महिना घर रिकामं १९ हजार, दलाली साडेनऊ, रंग आणि किरकोळ दुरुस्ती सरासरी १२ हजार. हातात १ लाख ४२ हजार ५००, म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्या थोडं वर. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्याला करात ४० टक्के सवलत देते, भाड्याने दिलं की ती जाते, हे मला बिल आल्यावर कळलं. तुमचं वाकड पिंपरी-चिंचवडमध्ये येतं, तिथले नियम विचारून घ्या. प्राप्तिकरात मात्र भाड्यातून मिळकतकर वजा करून उरेल त्याच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते, बिलं दाखवावी लागत नाहीत. "भाव वाढेल" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन की माझा २०१३ ला घेतलेला फ्लॅट २०२० पर्यंत तिथेच होता.

पाचवं घर

मी भाडेकरू आहे, चालेल ना? बारा वर्षांत पाच घरं झाली. एका मालकीणबाई दर गुरुवारी स्वतःच्या किल्लीने दार उघडून आत यायच्या, देवघराला नमस्कार करायला. देवघर रिकामं होतं, आमचे देव कपाटात. आणि डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापणार असाल तर किती ते आधीच करारात लिहा. घर सोडताना भिंतीवरची खिळ्याची भोकं मोजत फिरू नका.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. नोंदणी ऑनलाइनच करतोय. रात्री वडिलांना कलम २४ वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून दोनदा ऐकलं, म्हणाले, "ते सगळं ठीक आहे. गीझर मात्र स्वस्तातला बसव."